ढाल एक, दावेदार तीन

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या महाविद्यालयात दोन चर्चांना ऊत येतो. नाटकात नायिकेचे काम कोण करणार ही एक, आणि 'वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू' ही ढाल कोणाला मिळणार ही दुसरी. पहिलीत मला काही कळत नाही. दुसरीत मात्र बोलल्यावाचून राहवत नाही, कारण गेली दोन वर्षे खो-खोच्या आपल्या संघांबरोबर मी गुणपत्रकाची वही घेऊन हिंडतो आहे. मी स्वतः खेळाडू नाही. अक्षर बरे आहे आणि घड्याळावरून नजर हलत नाही, एवढ्या भांडवलावर जिमखान्याच्या सरांनी हे काम मला दिले. मैदानाच्या कडेला बसून लिहिणाऱ्याला खेळणाऱ्यांपेक्षा आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपेक्षा थोडे निराळे दिसते. तेवढ्याच अधिकारावर हा लेख.

हा अंक आपल्या हाती पडेल त्या दिवशी ढाल दिली गेलेली असेल. तेव्हा मी कोणाचा प्रचार करतो आहे असा संशय विद्यार्थी मित्रांनी घेऊ नये, आणि प्राध्यापकवर्गानेही घेऊ नये.

यंदा कँटीनमध्ये दोन तट पडले. पहिला तट तृतीय वर्षाच्या आपल्या कर्णधाराचा. त्याचा खांबावरचा सूर ज्याने पाहिला तो विसरणार नाही. पळणारा गडी खांबाला वळसा घालून सुटला असे वाटते न वाटते तोच हा खांबाला हात घालून आडवा होतो आणि बोटांच्या टोकाने त्याला टिपतो. उठतो तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली असते. यंदाच्या विभागीय सामन्यांत सर्वांत अधिक गडी त्याने मारले. दुसरा तट माझ्याच वर्गातल्या एका मित्राचा. तो संरक्षणात उतरला की समोरच्या संघाची मिनिटे वाळूसारखी गळतात. साखळी खेळतो, हुलकावणी देतो, मध्येच थांबतो, आणि पाठलाग करणाऱ्याच्या तोंडून चुकीच्या वेळी 'खो' वदवून घेतो. एकदा तर तो नाबाद परतला तेव्हा बाहेर आल्यावर आधी चप्पल शोधू लागला, जसा काही पाणी भरायला गेला होता.

या दोघांवरून वसतिगृहात भांडणे झाली, दोन दिवस अबोलेही झाले. शिक्षकांतही एकमत नाही. मराठीचे एक सर म्हणतात, संरक्षण म्हणजे संयम, आणि संयम हाच मोठा गुण. अर्थशास्त्राचे सर विचारतात, 'गुण किती केले ते सांग. बाकीचे साहित्य झाले.' दोघेही विद्वान आहेत. परंतु दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे जे वहीत लिहिले जाते तेवढाच खेळ. ती वही मी लिहितो. म्हणून मला ठाऊक आहे की तिच्यात काय येत नाही.

ज्यांनी खो-खो केवळ प्राथमिक शाळेत खेळला असेल त्यांच्यासाठी थोडे विवरण. आठ गडी मधल्या पट्ट्यावर ओळीने बसतात, एकाचे तोंड एकीकडे तर दुसऱ्याचे दुसरीकडे. नववा पाठलाग करतो. पळणाऱ्याला ओळीतून इकडून तिकडे जाण्याची मुभा आहे. पाठलाग करणाऱ्याला नाही. एकदा एका बाजूला वळला की माघारी फिरायचे नाही, मधला पट्टा ओलांडायचा नाही. त्याच्या हाती एकच शस्त्र : ज्याची पाठ आपल्याकडे आहे अशा बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणायचे. तो उठून पलीकडच्या अंगाला धावतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. म्हणजे पाहा, गडी मारणारा हा पुष्कळदा नुकताच उठलेला असतो. त्याने दोन पावले टाकलेली असतात, हात लांब केलेला असतो. पळणाऱ्याला त्या दोन पावलांच्या टप्प्यात आणून ठेवणारा मात्र आता खाली बसलेला असतो. आणि वहीत काय लिहिले जाते? गडी कोणी मारला त्याचे नाव. किती मिनिटे, किती सेकंद पळाला तो आकडा. आदल्या दिवशीच्या सामन्याची बातमी वर्तमानपत्रात येते तीही याच भाषेत : अमुकने दोन मिनिटे वीस सेकंद संरक्षण केले व तीन गडी बाद केले. खो कोणी दिला, हे छापलेले निदान माझ्या वाचनात आलेले नाही.

माझा उमेदवार येथे येतो. किंवा येते म्हणा, कारण ती मुलगी आहे. मोखाड्याकडची, प्रथम वर्षाची. तिचे नाव कँटीनमध्ये एकदाही निघाले नाही, आणि आश्चर्य हे की मुलींच्या टेबलावरही निघाले नाही. ढालीवर 'खेळाडू' असा शब्द कोरलेला आहे, 'मुलगा' असा नाही. पण तो शब्द उच्चारला की आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे हाफ पँट येते. वास्तविक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली तेव्हा भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि मुलांनी ५४-३६ असे. दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. वसतिगृहात एका मोबाइलभोवती आम्ही अठरा-वीस जण तो सामना पाहत होतो. मुलींचा विजय अधिक मोठ्या फरकाचा होता हे दुसऱ्या दिवशी किती जणांच्या लक्षात राहिले?

असो. या मुलीचा खेळ कसा आहे ते सांगतो. ती वेगाने धावत नाही. पहिल्या दिवशी सरांनाही वाटले की ही आळशी आहे. ती पळणारीच्या मागे अर्धे पाऊल राखून धावते, म्हणजे पळणारीला वाटते आपल्याला सवड आहे. सवड आहे असे वाटले की माणूस ओळीतून वळण्याची घाई करीत नाही, पुढच्या फटीपर्यंत जातो. ती फट या मुलीने आधीच हेरलेली असते. पळणारी पलीकडे वळली, एक पाय जमिनीवर आणि एक हवेत, की त्याच क्षणी हिची थाप बसलेल्या मुलीच्या पाठीवर पडते. जराही आधी नाही, कारण आधी पडली तर पळणारी पाय मागे घेते. जराही नंतर नाही, कारण नंतर ती निसटलेली असते. उठणाऱ्या मुलीला फक्त हात पुढे करायचा असतो. एका डावात आपल्या मुलींनी सात गडी मारले. मी वहीच्या मागच्या पानावर माझ्यापुरते टिपण ठेवले होते. त्या सातांपैकी पाचांच्या आधीचा शेवटचा खो हिचा. वहीच्या पुढच्या पानावर हिच्या नावासमोर : बाद केलेले गडी, एक.

आणखी एक गुण आहे, तो तर कोणत्याच पानावर येणार नाही. ती बसलेली असताना खेळते. पुष्कळ गडी बसले म्हणजे विश्रांती घेतात. टाच टेकवतात, मान दुसरीकडे करतात. ही बसते ती उठण्याच्या तयारीने, आणि पळणारी जवळून जाताना खांदा असा हलवते की आपल्याला खो मिळालाच. पळणारी बिचकते, मार्ग बदलते आणि नको तेथे जाते. पंचांनी यात नियमभंग मानलेला नाही. या बिचकण्याला गुण नाही.

कोणी म्हणेल, हे तुझ्या मनाचे खेळ. मोठ्या जगात असले सूक्ष्म हिशेब कोणी करीत नाही. खरे आहे, करीत नाहीत. आणि त्याचा परिणाम काय झाला तेही पाहण्यासारखे आहे. फुटबॉलमध्ये युरोपात १९५६ पासून 'सुवर्ण चेंडू' हा सन्मान देतात. इतक्या वर्षांत तो मिळवणारा गोलरक्षक एकच, रशियाचा लेव्ह याशिन, १९६३ साली. आता गोल करणे हे काम आहे आणि गोल अडवणे हे काम नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण केलेला गोल फलकावर चढतो, अडवलेला चढत नाही.

अमेरिकेत तर हा वाद खास महाविद्यालयीन खेळाडूंविषयीचा आहे, म्हणून आपल्याला जवळचा. तेथील फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचा, फेकायचा आणि एकमेकांच्या अंगावर आदळायचे. त्यात १९३५ पासून वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला हाइझमन चषक देतात आणि दर वर्षी देशभर वाद घालतात, आपल्या कँटीनसारखाच. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी उभे राहतात. समोरून येणाऱ्यांची धडक स्वतःच्या अंगावर घेऊन चेंडूवाल्याला वाट करून द्यायची, एवढेच त्यांचे काम. त्या जागेवर खेळणाऱ्या कोणालाही आजवर हा चषक मिळालेला नाही. संरक्षणाचा गडी म्हणून ओळख असलेल्या चार्ल्स वुडसनला १९९७ साली मिळाला, त्याची तेथे केवढी नवलाई झाली. २०२४ साली ट्रॅव्हिस हंटरला मिळाला, तो आक्रमणही करी आणि संरक्षणही. आपल्या खो-खोत प्रत्येकाला दोन्ही करावे लागते, त्याचे कोणी कौतुक करीत नाही, हा एक गमतीचा भाग.

म्हणजे ज्याचा हिशेब ठेवतात त्यालाच बक्षीस मिळते, ही खोड एकट्या आपल्या जिमखान्याची नाही. तिच्यावर एक उपाय खो-खोनेच शोधला आहे, तो म्हणजे बक्षिसाचे तुकडे करणे. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांनंतर उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू असे तीन मान दिले गेले. पुरुषांत आक्रमकाचा मान आपल्या सुयश गरगटेला मिळाला. संरक्षकाचा मान दोन्ही सामन्यांत हरलेल्या नेपाळच्या खेळाडूंकडे गेला, हे मला फार आवडले. हरणाऱ्या संघातही कोणीतरी अप्रतिम खेळलेला असतो, एवढे तरी त्या समितीने मान्य केले. परंतु तुकडे तीन केले तरी खो देणाऱ्याच्या वाट्याला चौथा येत नाहीच. आणि शेवटी एक सर्वांत वरचा मान राहतोच. राज्य स्पर्धेत 'राजे संभाजी' आणि 'राणी अहिल्या', राष्ट्रीय स्पर्धेत 'एकलव्य' आणि 'राणी लक्ष्मीबाई'. खालच्या गटांत 'वीर अभिमन्यू', 'जानकी', 'भरत', 'इला'. (व्यूहात शिरणे माहीत आणि बाहेर पडणे माहीत नाही, अशा वीराचे नाव खो-खोच्या बक्षिसाला ज्याने सुचवले त्याच्या विनोदबुद्धीला माझा नमस्कार.)

यांतील 'एकलव्य' या नावाशी मी जरा थांबतो. मी आदिवासी पाड्यावरचा, आमच्या घरातला कॉलेजात आलेला पहिला. एकलव्याची गोष्ट मी शाळेत 'गुरुभक्ती' या धड्याच्या अंगाने शिकलो. येथे येऊन ग्रंथालयातून महाभारताचे मराठी भाषांतर वाचले तेव्हा माझे लक्ष अंगठ्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. द्रोणाचार्यांनी अर्जुनाला आधीच शब्द देऊन ठेवला होता की तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही. म्हणजे ढाल आधी ठरली होती, सामने नंतर झाले! मग रानात कोणी अधिक चांगला निघाला तेव्हा गुरूंपुढे दोनच मार्ग होते, शब्द मोडणे किंवा अंगठा मागणे. आता आपल्या देशाची रचना पाहा. सरकारी पुरस्कार खेळाडूला १९६१ पासून अर्जुनाच्या नावाने, प्रशिक्षकाला १९८५ पासून द्रोणाचार्यांच्या नावाने. एकलव्याचे नाव राहिले ते खो-खोसारख्या मातीतल्या खेळाकडे. आणि अर्जुनाचे लक्ष या खेळाकडे किती वेळा गेले? १९७० साली गुजरातच्या सुधीर परबांना खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७५ साली आपल्या श्रीरंग इनामदारांना मिळाला. पुढे १९९८ साली शोभा नारायण यांना मिळाल्यावर बावीस वर्षे या खेळाकडे कोणी वळून पाहिले नाही. २०२० साली धाराशिवच्या सारिका काळेला मिळाला तेव्हा तो खंड संपला, आणि २०२३ साली दिल्लीच्या नसरीन शेखला मिळाला. त्या बावीस वर्षांत देशात खो-खो खेळणारे चांगले गडी जन्मालाच आले नाहीत, असे मानायला मी तयार नाही.

क्रिकेटमधले पळवणकर बाळू यांचे उदाहरण आपल्या इतिहासाच्या सरांनी वर्गात सांगितले होते. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर गडी बाद केले. आकडा वहीत होता, सर्वांना दिसत होता. तरीही जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. तेव्हा माझ्या मुद्द्याला दुसरी बाजू आहे हे मी जाणतो. आकडा असूनही डावलले जाते, तर आकडाच नसेल तर काय होईल? म्हणूनच मला आकडे नकोत असे मी म्हणत नाही. मला अधिक आकडे हवेत.

येथे अर्थशास्त्राच्या सरांचा आक्षेप मी आदराने घेतो. ते म्हणतात, गुण आणि मिनिटे सोडून 'खेळाची जाण', 'संघभावना' असले शब्द आणले की वशिल्याला दार उघडते; उद्या समितीतल्या कोणाच्या पुतण्याला संघभावनेबद्दल ढाल मिळेल. बरोबर आहे. पण त्यावर उपाय सोपा आहे. गुणपत्रकात एक रकाना वाढवायचा : 'शेवटचा खो'. गडी बाद झाला की मारणाऱ्याच्या नावापुढे खो देणाऱ्याचा क्रमांक लिहायचा. त्याला दोन सेकंद लागतात. मी मागच्या पानावर लिहू शकतो तर पुढच्या पानावरही लिहू शकतो. बास्केटबॉलमध्ये टोपलीत चेंडू टाकणाऱ्याबरोबर तो पुरवणाऱ्याचीही नोंद होते, फुटबॉलमध्ये गोलला साहाय्य करणाऱ्याचे नाव येते. आपला खेळ त्यांहून अधिक परस्परावलंबी, आणि आपल्याकडेच ही नोंद नाही! व्यावसायिक लीग २०२२ साली पुण्यात सुरू झाली तेव्हा सूर मारून बाद केल्यास अधिक गुण आणि पळणारे ठरावीक वेळ टिकल्यास त्यांच्या संघाला गुण, असे बदल केले गेले. म्हणजे नियम काही दगडावर कोरलेले नाहीत. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात माणसांनीच बसून ते लिहिले.

धावण्याच्या शर्यतीत हा प्रश्नच येत नाही. मोखाड्याच्या पलीकडे हरसूलच्या बाजूला सावरपाडा आहे. तेथल्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेतले, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य घेतले. तिला २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. घड्याळाला पाडा कळत नाही, आडनाव कळत नाही. ती पहिली की तिसरी हे ठरवायला कोणा समितीची गरज पडली नाही. आमच्या भागातली मुले धावण्याकडे अधिक वळतात त्याचे एक कारण हे असावे, असे मला वाटते. खो-खोत मात्र नऊ जणांच्या घामातून एकाचे नाव वेगळे काढायचे असते, आणि ते काढणारी माणसेच असतात.

आता एका नाजूक गोष्टीविषयी स्पष्ट लिहितो. माझा उमेदवार कोण हे ज्यांना समजले त्यांपैकी काही जण म्हणाले, 'हो, तिला द्यायलाच हवी, बिचारीचे आईबाप वीटभट्टीवर आहेत.' हे खरे आहे. दिवाळीनंतर आमच्या भागातली निम्मी घरे बंद दिसतात. भात झोडून झाले, नागली-वरई घरात आली, की माणसे भिवंडी-वसईकडे जगायला जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. घरातल्या मोठ्या मुलीने बरोबर जायचे, धाकट्यांना सांभाळायचे, भाकऱ्या थापायच्या, हे ठरलेले. ती यंदा गेली नाही, वसतिगृहात राहिली, सामने खेळली. तिच्या घरी त्याची काय किंमत पडली ते मी विचारलेले नाही. पण या कारणासाठी तिला ढाल द्यावी याला माझा सक्त विरोध आहे. दारिद्र्य हा खेळातला गुण नव्हे. सारिका काळे असो, कविता राऊत असो, त्यांच्याविषयीच्या बातमीत पहिला परिच्छेद उपासमारीचा किंवा अनवाणी पायांचा असतो आणि खेळ तिसऱ्या परिच्छेदात येतो. वाचणारा हळहळतो आणि त्यांचे कसब वाचायचे राहून जाते. आमच्याकडे अनवाणी तर सगळेच पळतात. मग सगळेच का जिंकत नाहीत? ती मुलगी थाप केव्हा मारायची ते जाणते, म्हणून तिला ढाल. ज्याला दया दाखवायची असेल त्याने तिची परीक्षा फी भरावी, ढालीत दया मिसळू नये.

दुसरी सूचना अशी आली की वाद नकोत, ढाल संपूर्ण संघाला देऊन टाका. ऐकायला गोड आहे. ही सूचना बहुधा अशांकडून येते ज्यांच्या घरात भिंतीवर लावायला आधीच पुष्कळ काही आहे. आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड आहे, दादाच्या जन्माचा दाखला आहे आणि माझी दहावी-बारावीची गुणपत्रके आहेत. माझ्या बारावीच्या गुणपत्रकावर माझे नाव छापलेले आहे, हे बाबांनी दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि त्या ओळीवर बोट ठेवून पाहिले. एकट्याचे नाव असलेल्या कागदाला आमच्याकडे किती मोल आहे, हे ज्यांच्या घरी तीन पिढ्यांच्या पदव्या आहेत त्यांना सांगून कळणार नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या स्तरावरचे प्राविण्य लागते. महाविद्यालयाच्या ढालीने ते मिळत नाही. तरीही पुढे विभागाच्या किंवा विद्यापीठाच्या निवडीला जाताना 'ही आमची सर्वोत्कृष्ट खेळाडू' असे कोणीतरी म्हणावे लागते. न म्हटल्यास त्या निवडीतही पुन्हा गुण आणि मिनिटेच पाहिली जातील, आणि बाद केलेले गडी एक असलेली मुलगी पहिल्या दिवशीच एस.टी.ने घरी परतेल. तेव्हा ढाल एकालाच द्यावी. फक्त तो एक कोण, हे ठरवताना पूर्ण खेळ पाहावा.

कर्णधाराच्या पक्षाचे मित्र माझ्यावर रागावतील. त्यांना एवढेच सांगतो की त्याचा सूर मला तुमच्याइतकाच आवडतो. पण मागच्या पानावरचे माझे टिपण सांगते की खांबाकडे गडी ढकलून देणारा खो बहुतेक वेळा एकाच मुलाचा होता, आणि तो मुलगा कँटीनमध्ये तुमच्याच टेबलावर बसून कर्णधाराची बाजू मांडत होता. स्वतःविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. कदाचित त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसेल. मी त्याला टिपण दाखवले तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, 'हे खरं आहे का रे?'

निवड कोणी करावी याविषयीही माझे मत आहे. सध्या तीन प्राध्यापकांची समिती निवड करते. त्यांच्या निःपक्षपातीपणाविषयी मला शंका नाही. परंतु सामने होतात त्या दिवशी त्यांचे तास असतात, आणि ते खेळ पाहतात तो माझ्या वहीतून. माझे म्हणणे असे की दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूकडून चिठ्ठी घ्यावी, स्वतःचे नाव सोडून एक नाव. पाठीवर कोणाची थाप पडल्यावर आपण उठलो आणि समोर गडी आयता उभा होता, हे उठणाऱ्याला पक्के माहीत असते. तिच्या संघातल्या आठ मुलींना विचारले तर उत्तर काय येईल याविषयी मला फारशी शंका नाही, जरी कँटीनमध्ये त्या गप्प बसल्या तरी. तेथे मोठ्याने बोलण्याची सवय आमच्याकडच्या मुलींना अजून लागायची आहे. चिठ्ठीवर लिहायला आवाज लागत नाही. या चिठ्ठ्या आणि रकाना समितीपुढे ठेवावेत आणि मग समितीने जो निर्णय घ्यायचा तो घ्यावा.

सरांकडे मी हा अर्ज तोंडी केला आहे. रकान्याला त्यांनी नाही म्हटलेले नाही; चिठ्ठ्यांविषयी 'बघू' म्हणाले. नवी वही जूनमध्ये मिळते. आपल्याकडे मैदान दसऱ्यापर्यंत चिखलातच असते, तेव्हा रेघा मारायला वेळ पुष्कळ आहे. मी त्या उन्हाळ्यातच मारून ठेवणार आहे.